कपाटाची चावी वाचकाकडे द्या

रावेरकर मित्रहो, जरा लांब लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा.

15 ऑक्टोबरला दरवर्षी वाचन प्रेरणा दिन येतो. हार, नारळ, कलाम साहेबांचा फोटो आणि ठरलेलं भाषण : लोक वाचत नाहीत, वाचतात तेही फालतू. या भाषणाची बातमी मीच कितीतरी वेळा छापली. आता सरळ सांगतो, हे मला पटत नाही.

डिप्लोमाला जळगावला होतो तेव्हा रूमवर 'कोसला' वाचली. 1963 ची कादंबरी, लिहिणारे भालचंद्र नेमाडे आपल्या शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत परत येतो. वाटलं, हा तर मीच! पुढे तेच पुस्तक मोठ्या कौतुकाने गल्लीतल्या एका केळीवाल्या काकांना दिलं. त्यांचा पोरगा तेव्हा पुण्यात शिकत होता. आठ दिवसांनी पुस्तक परत. म्हणे, "भाऊ, बापाचे पैसे उडवले त्याचा हिशोब कोन देईन?"

तेव्हा हसलो होतो. आज माझी पोरगी बाहेरगावी शिकतेय, आता हसू येत नाही. काकांनी पुस्तक नीटच वाचलं होतं, फक्त बापाच्या जागेवरून. यात अडाणीपणा कुठे आला?

खुद्द नेमाडेंना कथा हा प्रकार फारसा मानवला नाही, हे त्यांनी कधी लपवलं नाही. ती त्यांची आवड. म्हणून आपण कथासंग्रह रद्दीत घालायचे का? हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी कित्येक घरांना वाचायची सवय लावली. आणि ज्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यांचं नाव 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे. अभिरुची पदवीवर ठरत नाही, याला अजून कोणता पुरावा पाहिजे?

आता खरं दुखणं. 1967 च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं, अ, ब, क, ड अशा वर्गानुसार. म्हणजे पैसा आपला. पण पुस्तकं कोण निवडतं? एका वाचनालयात (नाव नको) मी बघितलंय : मार्च एंड आला, अनुदान खर्ची टाकायचं, जास्त कमिशन देईल त्याच्याकडून गठ्ठा उचलला. त्यातली कितीक पुस्तकं एकदाही घरी गेलेली नाहीत. तिथेच एक शेतकरी ताई दोन वर्षं केळीच्या करप्यावरचं पुस्तक मागत होत्या. मिळालं नाही, त्यांनी येणं सोडलं. रजिस्टरात एक वाचक कमी झाला आणि आपण भाषण ठोकलं, लोक वाचत नाहीत!

कोणी म्हणेल, मग काय नुसती चटकदार पुस्तकं भरायची? अजिबात नाही. निम्मी खरेदी जाणकारांनी करावी, निम्मी वाचकांच्या मागणीने व्हावी. काउंटरवर एक मागणी वही ठेवा, दर तीन महिन्यांनी ती कार्यकारिणीच्या बैठकीत वाचा, काय घेतलं ते फळ्यावर लिहा. एवढंच. याला जीआर लागत नाही, पैसाही लागत नाही.

'कोसला' कपाटात राहू द्याच, तिला तिचा पांडुरंग सापडेल. पण करप्यावरचं पुस्तक मागणाऱ्या ताईंनाही त्यांचं पुस्तक मिळालं पाहिजे. तुमच्या वाचनालयात अशी वही आहे का? नसेल तर उद्याच जाऊन मागा.