मुलांचा शोध, मोठ्यांचा हात



शाळेतून एक दिवस मूल घरी येते आणि सांगते, "विज्ञान स्पर्धेसाठी शोधनिबंध करायचा आहे." झाले! आई म्हणते, "आधी अभ्यास कर." वडील म्हणतात, "बाजारात तयार वस्तू मिळते, चार पैसे गेले तर गेले." शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "काका, मी देतो लिहून." तिघांचाही हेतू चांगलाच असतो. पण तिघे मिळून त्या मुलाच्या हातची संधी काढून घेतात. म्हणून आज या विषयावर बोलू.

अशा स्पर्धा आता बऱ्याच आहेत. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षा आणि प्रयोग यांच्यापुढे कृती-संशोधनाचा प्रकल्पही करावा लागतो. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद देशभर भरू लागली. तिचा रोख १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्याच गावचा प्रश्न घेऊन त्याचा छडा लावावा असा आहे. यंदाची तारीख आणि नियम शाळेत विचारून घ्या.

'आपल्याच गावचा प्रश्न' हे शब्द ध्यानात ठेवा. शेतकऱ्याच्या घरी प्रश्नांना तोटा नाही, आणि शोध कसा घ्यायचा हेही आपल्याला अगदीच परके नाही. पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, काही दिवसांनी किती उगवले ते मोजतो आणि त्यावरून एकरी बियाणे किती टाकायचे ते ठरवतो. हे विज्ञानच आहे. फक्त आपण ते वहीत लिहून ठेवत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. अंबरनाथ तालुक्यात वालधुनी नदी आहे. काकोळे गावाच्या डोंगराकडे ती उगम पावते, अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते, मग फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. वाटेत कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी तिला मिळत गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधून रासायनिक सांडपाणी तिच्या प्रवाहात सोडले गेले. विषारी वायू पसरला आणि शेकडो माणसांना इस्पितळात न्यावे लागले. आता बदलापूरकडच्या एखाद्या खेड्यातल्या आठवीच्या मुलीला साधा प्रश्न पडतो : या नदीच्या पाण्यावर बी उगवते का?

'नद्यांचे प्रदूषण' हा निबंधाचा विषय झाला, शोधाचा नव्हे. शोधाचा प्रश्न लहान आणि मोजता येण्याजोगा हवा. तिने असा मांडावा : काकोळ्याजवळचे पाणी, शिवमंदिराजवळचे पाणी, उल्हासनगरातले पाणी आणि घरच्या विहिरीचे पाणी, या चारांत मुगाचे किती दाणे उगवतात? विहिरीचे पाणी कशाला, असे विचाराल. तुलनेला काहीतरी हवे ना! बीच जुने निघाले तर ते कोणत्याच पाण्यात उगवणार नाही आणि दोष विनाकारण नदीला लागेल.

पाणी आणण्याचे काम मोठ्या माणसाचे. मुलांनी नदीत उतरायचे नाही, हा नियम पहिला. हातात रबरी मोजे घालून, दोरी बांधलेल्या डब्याने काठावरून पाणी काढा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. तिच्यावर जागा, तारीख आणि वेळ लिहा. पाण्याचा रंग टिपा, पण बाटलीला नाक लावून वास घेऊ नका.

घरी एकाच पिशवीतले, औषध न लावलेले मूग घ्या. फुटके दाणे काढून टाका. प्रत्येक पाण्यासाठी चार बशा, प्रत्येक बशीत ओल्या फडक्यावर २५ दाणे, म्हणजे एका पाण्याला १०० दाणे झाले. सगळ्या बशांना पाणी सारखे, जागा एक, फडके एकाच कापडाचे. पाण्याखेरीज दुसरे काहीही बदलता कामा नये. रोज ठरल्या वेळी मोड आलेले दाणे मोजा आणि लगेच वहीत लिहा. त्या बशा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. ते मोड कोंबड्यांना वा गुरांना घालू नका, दूर पुरून टाका. हात साबणाने धुवा.

एकदा करून भागणार नाही. सांडपाणी रोज सारखे येत नाही आणि पावसाळ्यात तर सगळेच पातळ होते. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी पाणी आणून सगळा प्रयोग पुन्हा करा.

आता खरी परीक्षा येते, आणि ती मुलीपेक्षा आपलीच जास्त. समजा, विहिरीच्या पाण्यात १०० पैकी ९२ दाणे उगवले आणि उल्हासनगरच्या पाण्यात ८९. वडिलांना वाटले होते की निम्मेही उगवणार नाहीत. मग कोणीतरी हळूच म्हणते, "८९ चे ३९ कर, कोण बघतो? बक्षीस येईल." मंडळी, त्या क्षणी आपण पोरीला काय शिकवतो याचा विचार करा. खोटे माप घेऊन दुकानात बसणारा वाणी आपल्याला आवडत नाही. मग घरातच खोट्या मापाचा धडा कशाला?

आणि ८९ हा आकडाही फुकट गेलेला नाही. विहिरीच्याच चार बशांत २१, २४, २३, २४ असे दाणे उगवले असतील, तर एकाच पाण्यात तीन दाण्यांचा फरक पडतो आहे. मग दोन पाण्यांतल्या तीन दाण्यांच्या फरकाला फारसा अर्थ नाही. तिने तसेच लिहावे. पण "म्हणून नदीचे पाणी चांगले" असे मात्र लिहू नये. बी उगवण्यापुरता साठा दाण्यातच असतो. जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते पालेभाजीत साठू शकतात. हिरवीगार दिसणारी जुडी खाण्याजोगी आहे की नाही, हे बशीत कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. उलट दाणे कमी उगवले, तरी ते कोणत्या रसायनामुळे हे या प्रयोगातून सांगता येणार नाही. जेवढे मोजले तेवढेच बोलावे.

निबंध लिहिताना क्रम सरळ ठेवावा : प्रश्न काय होता, आधी अंदाज काय होता, काय केले, काय दिसले, त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही. आकडे तक्त्यात मांडावेत. पुस्तकातून काही घेतले तर पुस्तकाचे नाव द्यावे. पाणी आणून देणाऱ्या मामांचे आणि शिकवणाऱ्या बाईंचे आभार मानावेत. वर सगळ्याचा आठ-दहा ओळींचा गोषवारा द्यावा. तो लिहायचा मात्र शेवटी. रोजची नोंदवही खाडाखोडीसकट सोबत न्यावी. ती पुन्हा सुंदर अक्षरात उतरवून काढू नये.

परीक्षक विचारतील, "चार बशा कशाला घेतल्यास?" ज्या मुलीने स्वतः दाणे मोजले ती उत्तर देईल. जिचा निबंध दुसऱ्याने लिहिला ती आपल्या चपलेकडे बघत राहील. आणि "ते आम्ही मोजले नाही" हेही प्रामाणिक उत्तर आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा.

आपला हात हवा तो पाणी काढायला, एस.टी.च्या भाड्याला आणि संध्याकाळी भांडी घासण्यातून तिला अर्धा तास मोकळी करायला. लेखणी मात्र तिच्याच हाती राहू द्या. बक्षीस मिळेल न मिळेल. पण उद्या गावात कोणी औषधाची बाटली घेऊन आला आणि "दुप्पट पीक येईल" म्हणाला, तर तीच पोर विचारेल, "कशाच्या तुलनेत? किती वेळा करून पाहिले?" तो प्रश्न विचारणारे एक माणूस घरात असले, तर बापाचे बरेच पैसे वाचतील.