बोकडाचे बीजही पाहा

कापड घेताना आम्ही सूत तपासतो, बोकड घेताना मात्र नुसते अंग पाहतो. वाढ किती, कापल्यावर मटण किती, यात चाऱ्याबरोबर वंशाचाही मोठा वाटा असतो. म्हणूनच फलटणच्या निंबकर संस्थेने आफ्रिकी बोअर जात आणून उस्मानाबादी शेळीशी संकर केला. आपल्या गोंदियाकडे उलटा व्यवहार! ईदच्या बाजारात जोमदार बोकड चढ्या भावाने जातो, कळपात मरतुकडा उरतो. पुढची पिढी त्याचीच. माझी सूचना एवढीच : गावागणिक एक उमदा बोकड पैदाशीला राखावा, दोन वर्षांनी शेजारगावाशी बदलावा. खर्च आम्हा व्यापाऱ्यांनी वाटून उचलावा. भांडवल खाऊन दुकान चालत नाही, भाईहो!