पॉइंट आहेत, खोली नाही

अकरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका हॉटेलात आम्ही दोघं फुकट जेवणाच्या कुपनावर गेलो आणि पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकत घेऊन बाहेर पडलो. किंमत दोन लाख ऐंशी हजार. हप्त्यांवर व्याज होतं, ते नको म्हणून भिशीची रक्कम आणि सोन्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे एकदम देऊन टाकले. परतताना रिक्षात आम्ही कुठं कुठं जायचं याच्या गप्पा मारल्या. खोली मिळवायची कशी, हे विचारायचं आम्हाला त्या दिवशी सुचलंच नाही.

उन्हाळ्यात या पानावर सहलीच्या खर्चाबद्दल लिहिलं, तेव्हा काही भगिनींनी विचारलं की आमच्याकडेही असे 'पॉइंट' पडून आहेत, त्यांचं काय करायचं? म्हणून यावेळी तेच.

पॉइंट म्हणजे रुपये नव्हेत. रुपयाची किंमत सोमवारी आणि शनिवारी सारखीच असते, पॉइंटची नसते. आम्हाला वर्षाला ७० पॉइंट मिळतात. करारासोबत एक तक्ता असतो, तो आम्ही चार वर्षं उघडूनही पाहिला नव्हता. थंड हवेच्या ठिकाणी, मे महिन्यात, एक बेडरूमच्या घराला साध्या रात्रीचे १४ पॉइंट आणि शुक्रवार-शनिवारचे २०. शुक्रवारी गेलो तर चार रात्रींत ६८ संपतात. रविवारी संध्याकाळी जाऊन शुक्रवारी सकाळी निघालो तर बरोबर ७० मध्ये पाच रात्री होतात. पावसाळ्यात हेच घर साध्या रात्रीला ६ आणि शनिवार-रविवारच्या तोंडावर ९, म्हणजे अख्खा आठवडा ४८ मध्ये बसतो. तुमचा तक्ता वेगळा असेल, पण रचना अशीच असते. तो काढून फ्रिजवर चिकटवा.

दुसरी गोष्ट तारखेची. बुकिंगची खिडकी किती महिने आधी उघडते, हे करारात लिहिलेलं असतं. आमचा भाचा अमेरिकेत असतो. त्याने डिस्नेच्या क्लबात पॉइंट घेतलेत. हा क्लब १९९१ सालापासून पॉइंटवरच चालतो. तिथे ज्या रिसॉर्टची मालकी घेतली, त्याचं बुकिंग ११ महिने आधी करता येतं आणि बाकीच्यांचं ७ महिने आधी. खिडकी उघडते त्या सकाळी तो कामावर जायच्या आधी उठून बसतो. आम्ही मात्र मेच्या सुट्टीसाठी एप्रिलमध्ये फोन करायचो आणि 'उपलब्ध नाही' ऐकून कंपनीला शिव्या द्यायचो. आमचा काही राग रास्त होता. विकताना 'कधीही, कुठेही' म्हटलं होतं आणि करारात बारीक अक्षरात 'उपलब्धतेनुसार' होतं. पण अर्धा दोष आमच्या उशिराचाही होता.

आपल्या घरांत यात आणखी एक पेच असतो, तो ईदचा. चंद्राच्या हिशेबाने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि पॉइंटचा तक्ता इंग्रजी महिन्यांवर छापलेला असतो. २०२७ मध्ये बकरी ईद मेच्या मध्याच्या सुमारास येईल, म्हणजे ऐन महागड्या हंगामात, मुलांच्या सुट्टीच्या मधोमध. खिडकी उघडते तेव्हा चांद एक दिवस इकडे की तिकडे, हे कुणालाच ठाऊक नसतं. आम्ही एकदा अंदाजाने बासी ईदच्या दिवसापासून खोली घेतली, ईद एक दिवस पुढे गेली आणि पहिल्या रात्रीचे पॉइंट वाया गेले. आता ईदनंतर तीन दिवस मोकळे सोडूनच तारीख धरतो. तोवर कुर्बानीचं गोश्तही वाटून झालेलं असतं.

आता अम्मींचं सांगतो. अब्बा वाई डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. पसरणीचा घाट त्यांनी किती वेळा चढला असेल, याची मोजदाद नाही. अम्मींना मात्र पाचगणी-महाबळेश्वरला मुक्कामाला नेणं त्यांना कधी जमलं नाही. ते गेल्यावर अम्मी एकदाच म्हणाल्या, "बेटा, तुमच्याकडे ते पॉइंट आहेत ना? मला एकदा तिथं राहायचंय. फक्त जिना नको."

त्यानंतर तीन वर्षं गेली. दर मेमध्ये खोली नाही. एका वर्षी कोणाच्या तरी लग्नामुळे राहिलं, तेव्हा उरलेले पॉइंट पुढच्या वर्षात ढकलायला हवे होते. त्यासाठी ३० सप्टेंबरपूर्वी लेखी कळवायचं असतं. आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन केला. ७० च्या ७० बुडाले. अम्मींना आम्ही हे सांगितलंच नाही, खोली मिळाली नाही एवढंच म्हटलं. ते खोटं अजून टोचतं.

अखेर गेल्या वर्षी तक्ता समोर घेऊन बसलो. मे सोडून दिला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रविवार ते शुक्रवार, पाच रात्रींचे ३० पॉइंट. मग लक्षात आलं की ७० मध्ये दोन घरं बसतात! धाकट्या भावाला आणि वहिनीलाही बोलावलं. मुलांची शाळा बुडली, ती बुडू दिली. अम्मींसाठी तळमजला हवा, हे फोनवर सांगून थांबलो नाही, ईमेल केला आणि उत्तर मागून घेतलं. पोचलो तर चावी दुसऱ्या मजल्याची, लिफ्ट नाही. ईमेल दाखवल्यावर अर्ध्या तासात तळमजला मिळाला. नुसतं फोनवर बोललो असतो तर अम्मींना खुर्चीत बसवून वर उचलून न्यावं लागलं असतं.

स्वयंपाकघर आहे का आणि त्यात खरोखर शिजवता येतं का, हेही आधी विचारा. काही ठिकाणी नुसता चहा करायची सोय असते आणि तिलाच किचन म्हणतात. आमच्याकडे शेगडी होती. वहिनींनी घरून खिमा आणि वाटण नेलं होतं, त्यामुळे हॉटेलातलं मटण हलाल आहे का, हे विचारत फिरावं लागलं नाही. एका घरात किती माणसांना परवानगी आहे, तेही पाहून ठेवा. जास्तीच्या गादीचे पैसे दारात मागतात.

सप्टेंबरात महाबळेश्वर धुक्यात असतं. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेललेला डोंगर, भिंती ओलसर, कपडे वाळत नाहीत. आर्थर सीटवर समोरचं काही दिसलं नाही. पण साताऱ्याजवळचं कासचं पठार त्याच दिवसांत फुलतं. त्याचं तिकीट वेगळं, आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि आठवड्यातल्या मधल्या वारी गर्दी कमी असते. अम्मी गाडीतच बसून राहिल्या, काच खाली करून. परतताना पसरणीच्या घाटात म्हणाल्या, "इथं तुझे अब्बा गिअर बदलायचे." त्या कधी त्यांच्या गाडीत बसून वर आल्या होत्या, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आता हिशेब. वार्षिक देखभाल फी पहिल्या वर्षी अकरा हजार होती, यंदा २१,७०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५,६०६. मूळ किमतीचा वर्षाचा वाटा ११,२००. एकूण ३६,८०६. मेमधल्या पाच रात्रींवर वाटलं तर रात्रीला ७,३६० च्या घरात, सप्टेंबरातल्या दोन घरांच्या दहा रात्रींवर वाटलं तर ३,६८०. गेलो नाही तरी फी भरावीच लागते, थकली तर बुकिंग बंद. ज्यांना मे आणि दिवाळीशिवाय निघताच येत नाही, त्यांनी हे घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुक्कामात कंपनीचा माणूस 'अपग्रेड'साठी चहाला बोलावतो. आम्ही आता तो चहा पीत नाही.

आणि एक. 'तुमचे पॉइंट चांगल्या भावात विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असे फोन येतात. भरू नका. आमच्या शेजाऱ्यांचे चाळीस हजार असेच गेले. खुद्द कंपनीने कबूल केलेलं दिलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा आणि कागद, ईमेल, पावत्या सोबत ठेवा.

आमच्या कराराची चौदा वर्षं उरली आहेत. मुलगा म्हणतो, मला हे वारशात नको. यंदाची फी अजून भरलेली नाही, नोटीस टेबलावर आहे. अम्मींनी काल विचारलं, पुढच्या सप्टेंबरात खालाला पण घेऊन जाता येईल का. खालाचेही गुडघे दुखतात, म्हणजे दोन्ही घरं तळमजल्यावर हवीत. खिडकी उघडायची तारीख आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.