‘उजेड’ कळतो, ‘प्रकाश’ का कळत नाही?

सहावी-सातवीतल्या मुलाला ‘प्रकाश’ हे प्रकरण उमजले नाही की त्याचे खापर बहुधा मुलाच्याच बुद्धीवर फोडले जाते. मूल शेतमजुराचे असेल तर ‘घरच्या वातावरणा’वरही. हा निवाडा अन्यायाचा आहे आणि अज्ञानाचाही.

डोळ्यातून काहीतरी निघून वस्तूपर्यंत पोचते व म्हणून ती दिसते, असे अनेक मुलांना वाटते. युक्लिड आणि टॉलेमी यांचेही मत हेच होते! वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, हे अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमला ग्रंथ लिहून सविस्तर मांडावे लागले. मग ज्या समजुतीपायी युक्लिडचे पांडित्य उणावत नाही, त्याच समजुतीपायी पाड्यावरचे पोर ‘ढ’ कसे ठरते? मराठी भाषाही त्या पोराच्याच बाजूने साक्ष देते. नजर ‘टाकली’ जाते, ती ‘लागते’, मीठमोहऱ्यांनी उतरवावीही लागते. मुलाच्या बोलीतला ‘उजेड’ खोलीत नुसता असतो. तो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो, हे कोणत्याही डोळ्यांना दिसणारे नव्हे. पुस्तकातला ‘प्रकाश’ मात्र बाण लावलेली रेघ होऊनच अवतरतो. त्या रेघेचा घरातल्या उजेडाशी संबंध काय, हे विचारण्याची सोय नाही. व्याख्या घोकली की गुण मिळतात.

वास्तविक प्रयोगशाळा गरिबाच्या कौलारू घरातच आहे. फुटक्या कौलातून कवडसा येतो. चुलीचा धूर त्यात शिरला की प्रकाशाची सरळ वाट स्पष्ट दिसते. भोक वेडेवाकडे असले तरी दूर जमिनीवर कवडसा गोल पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. एवढे धन घरात असून मुलाला शाळेत दरिद्री ठरवले जाते.

हे स्वप्नरंजन नव्हे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांतून, हाताने प्रयोग करीत विज्ञान शिकण्याचा उपक्रम सुरू झाला. १९७८ साली तो जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत गेला. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण कसोटी पाठांतराची नव्हतीच. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचे काम एका सरकारी आदेशाने पुसले गेले, आणि खेड्यातल्या मुलांना विज्ञान ‘झेपत नाही’ ही तक्रार करायला तेच शासनकर्ते पुन्हा मोकळे झाले.

शाळा व्यवस्थापन समित्यांवर बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी पटसंख्येबरोबर एवढेही विचारावे: या वर्षी वर्गाची दारे-खिडक्या लावून कवडसा पाहिला गेला काय? आणि पाहिल्यावर, तो गोल का, याविषयी मुलांना काय वाटते हे कोणी त्यांना विचारले काय?