विनोदाची तालीम लोकांसमोरच

स्टँड-अप कॉमेडी शिकायची कुठे, हा प्रश्न हल्ली मला नाटकवाल्या मुलांपेक्षा इंजिनिअरिंग, सीए किंवा बँकेच्या परीक्षांच्या मागे असलेली मुलंमुली जास्त विचारतात. त्यांना एखाद्या कार्यशाळेचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, तुमच्या गावात ओपन माइक, म्हणजे कुणीही येऊन आपले विनोद लोकांसमोर आजमावून पाहायचा कार्यक्रम, कोणत्या वारी असतो? बहुतेकांना सांगता येत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

एकट्याने सभागृह धरून ठेवणं मराठीला नवं नाही. १९६१ साली पुलंनी ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर एकट्याने उभी केली. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने गावोगावी कथाकथन केलं. औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासहून अधिक माणसं एकट्याने, मराठवाड्याच्या बोलीत जिवंत केली. पण या प्रयोगांची संहिता हाताशी असायची, तालीम बंद दाराआड करता यायची. स्टँड-अपला ती सोय नाही. आरशासमोर पाठांतर होतं, पण विनोद पक्का होत नाही. लोक कुठे हसतात आणि कुठे गप्प बसतात हे कळल्याशिवाय तो अर्धाच असतो, आणि ते अनोळखी माणसांकडूनच कळतं.

पुण्यात एका कॅफेच्या माळ्यावर सांगलीचा एक मुलगा मी बरेच आठवडे ऐकला. आई-वडील दोघंही त्याच्याच शाळेत शिक्षक. पहिल्या वेळी शाळेचं नाव, आईचा विषय, वडिलांचा स्वभाव असं सगळं सांगून प्रगतिपुस्तकापर्यंत येईतो लोक आपापल्या कॉफीकडे वळले होते. पुढच्या खेपेला शाळेचं नाव गेलं. मग आईचा विषय गेला, वडिलांचा स्वभाव गेला. शेवटी उरलं ते एवढंच: “आई-बाबा दोघंही माझ्याच शाळेत शिक्षक. बाकीची पोरं प्रगतिपुस्तक घरी न्यायची. मला प्रगतिपुस्तक घरी न्यायचं.” दुसऱ्या वाक्यानंतर तो श्वासभर थांबायचा आणि ‘मला’वर जोर द्यायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपला पाच मिनिटांचा सेट मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, परतीच्या एसटीत ऐकायचा, शांतता पसरली तेवढं वहीत खोडायचं, हीच त्याची शाळा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक सादर केलं, तिथला मुलगा पाच मिनिटं बोलायला पुण्याला येत होता, याचं मला फार वाईट वाटतं.

मुंबईत स्टँड-अप रुजलं ते जागा मिळाली म्हणून. २०१० मध्ये लोअर परळला लंडनच्या ‘द कॉमेडी स्टोअर’ची शाखा उघडली आणि खास कॉमेडीसाठी बांधलेला मंच शहराला मिळाला. पुढे छोट्या जागा, कॅफे, बार यांतून इंग्रजी-हिंदी ओपन माइक वाढले. मराठीत २०१६ साली सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या चॅनेलने यूट्यूबवर स्टँड-अपला मोठा प्रेक्षक मिळवून दिला, हे मोठं काम झालं. पण यूट्यूबवर तयार माल जातो. कच्च्या विनोदाला कच्चंच ऐकणारी खोली लागते, आणि ती गावातच असावी लागते.

अशी खोली उभी करायला मोठं भांडवल लागत नाही. नऊशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात चाळीस माणसं बसली की हसू विरून जातं. तीस खुर्च्यांच्या खोलीत पंचवीस बसली तर तेच हसू एकाकडून दुसऱ्याकडे पसरतं. म्हणून खुर्च्या जवळजवळ लावाव्यात, पहिली रांग आधी भरावी, कॅफे असेल तर तिथला मिक्सर आणि टीव्ही बंद ठेवावेत. दहा-बारा जणांना पाच-पाच मिनिटं द्यावीत. चार मिनिटं झाली की मागून मोबाइलचा लाइट दाखवावा आणि पाचव्या मिनिटाला माइक परत घ्यावा, मग समोर कुणीही असो. तिकीट पन्नास रुपये का होईना, ठेवावं. पैसे देऊन आलेला माणूस लक्ष देऊन ऐकतो.

सगळ्यांत महत्त्वाचा होस्ट. एखाद्याचा सेट पडला की खोली थंड होते. ती पुन्हा गरम करून पुढच्याच्या हाती देणं हे होस्टचं काम. पहिल्यांदा आलेल्याला लाइनअपमध्ये अगदी सुरुवातीला ढकलू नये, आणि आपला स्पॉट झाला की कुणी निघून जाऊ नये, शेवटपर्यंत बसून इतरांचं ऐकावं. समोर बसलेल्या बाईच्या दिसण्यावर कुणी घसरला तर होस्टने तिथल्या तिथे थांबवावं. कार्यक्रम मुलींना घरी परतायला बस-रिक्षा मिळेल अशा वेळी संपवावा. तसं केलं नाही, तर खोलीत नुसती मुलंच उरतात आणि विनोदही तेवढ्याच तीन-चार विषयांभोवती फिरत राहतो.

जागा देणाऱ्यांच्या मनात भीती आहे, हेही खरं. मार्च २०२५ मध्ये कॉमेडियन कुणाल कामरा यांच्या व्हिडिओवरून मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ या कॉमेडी मंचाची तोडफोड झाली. त्या तमाशात एक गोष्ट मागे पडली, की याच मंचावर कितीतरी नवख्यांनी पहिली पाच मिनिटं काढली होती. नावाजलेल्या कलाकाराला दुसरा मंच मिळतो, नवख्याला मिळत नाही. म्हणून ओपन माइकमध्ये प्रेक्षकांनी व्हिडिओ काढू नयेत, हा नियम मला अत्यावश्यक वाटतो. अर्धवट वाक्य संदर्भ तोडून फिरू लागलं, तर बोलणारा आणि जागा देणारा दोघंही अडचणीत येतात.

आपल्याकडे गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत, व्याख्यानमाला आहेत. त्यांनी महिन्यातल्या दोन संध्याकाळी ओपन माइकला द्याव्यात. वऱ्हाडातल्या मुलीने वऱ्हाडीत, मालवणच्या मुलाने मालवणीत बोलावं आणि ते आधी त्यांच्याच माणसांनी ऐकावं. पुणे-मुंबईसाठी बोली घासूनपुसून घ्यायची गरजच पडू नये.

ज्यांना बोलायचं आहे त्यांनी चार जण जमवावेत, एक वार ठरवावा आणि दहाच माणसं आली तरी तो चुकवू नये. ज्यांना नुसतं ऐकायचं आहे त्यांचं कामही कमी मोलाचं नाही. तिकीट काढा, पहिल्या रांगेत बसा, आणि आज ज्याचा सेट पडला त्याला ऐकायला पुढच्या आठवड्यातही या.