राणीछापाला हळदकुंकू कशाला?

पुंडलिकनगरात काय नि खेडोपाडी काय, दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात पाटावर चांदीचा राणीछाप रुपया मांडणारी घरे आजही आहेत. त्यावरचा मुखवटा कोणाचा, हे कोणी विचारतो काय?

१ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले. तिच्या मुखवट्याची सोन्याचांदीची स्मारक पदके वाटली. रुपयावरील 'राणी' जाऊन 'सम्राज्ञी' आले. त्याच वेळी दक्षिणेत दुष्काळाने कुणबी अन्नान्न करून मरत होता! त्या पदकाने त्याच्या पोराचे पोट भरले काय?

पुढे याच लिटनच्या स्वागतास पुणे नगरपालिका हजार रुपये खर्चू लागली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी एकट्याने विरोध केला. ते पैसे गरिबांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे.

शिवछत्रपतींच्या शिवराईवर मुखवटा नव्हता, नुसते नाव होते. तरी रयत त्यांस विसरली नाही.

चांदी खुशाल ठेवा, अडीनडीला मोडा. पण हळदकुंकू वाहायचेच असेल तर नांगराला, ऐरणीला, मागाला वाहा. लक्ष्मी तेथून येते.