फिर्यादीची नक्कल

ज्याच्या घरावर दगड पडले, त्यालाच आपल्या खटल्याचे कागद वाचावयास मिळू नयेत, हा कोणता न्याय? वाचकहो, हा प्रश्न आम्ही मुद्दाम मांडीत आहोत. कारण आपल्यावरील अत्याचारांचे खटले पुष्कळदा न्यायालयात उभे राहण्यापूर्वी पोलीस ठाण्यातील कागदावरच फसलेले असतात.

शिवीगाळीची फिर्याद घ्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये असा अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेला असावा लागतो. ठाण्यात मात्र 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढेच लिहून घेतले जाते. शब्द कोणते, चावडीवर की घरात, ऐकणारे कोण, याचा पत्ता नाही. आरोपीचा वकील नेमके तेथेच बोट ठेवितो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहून जातीचा रकाना कोरा सोडला की आणखी एक पळवाट तयार! १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान आहे. धम्मदीक्षेने या कायद्याचे संरक्षण सुटत नाही. पण हे कागदावर दिसावयास हवे. चवदार तळ्याच्या दाव्यात १९३७ साली प्रतिपक्ष मुंबई उच्च न्यायालयात हरला, तो पुरातन रूढी पुराव्याने सिद्ध करता आली नाही म्हणून. न्यायालयात पुरावा बोलतो, हे बाबासाहेब जाणून होते.

तोंडी फिर्याद वाचून दाखविल्यावाचून सही घेऊ नये व नक्कल ताबडतोब द्यावी, हे याच कायद्याच्या कलम ४ ने अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे. फिर्यादी २४ तासांत संकेतस्थळावर ठेवाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला; लैंगिक गुन्ह्यांसारखी प्रकरणे योग्य कारणास्तव वगळली. परंतु दोषारोपपत्र हे सार्वजनिक दस्तऐवज नव्हे, असे त्याच न्यायालयाने २०२३ साली ठरविले. साक्षीदारांची नावे गावभर होऊ नयेत, ही भीती आम्हांसही वाटते. मात्र पीडित म्हणजे बघ्यांची गर्दी नव्हे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २३० पीडितालाही दोषारोपपत्राची विनामूल्य नक्कल देते खरे, पण त्याच्या बाजूने वकील असेल तरच! आरोपीला ही अट नाही. वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या भूमिहीन मजुराला या कंसातील शब्दांनी दाराबाहेर ठेविले आहे. ती अट संसदेने काढून टाकावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

तोपर्यंत स्वस्थ बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. फिर्याद नोंदताच तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, आणि आरोपी न्यायालयात हजर होण्यापूर्वी आपले वकीलपत्र दाखल झालेले असू द्या. कारण नक्कल देण्याची चौदा दिवसांची मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते.